क्रँकच्या पोटातला गाळ

कुम्हारीहून परतताना इंजिनातून ठोके यायला लागले, तेव्हा यांनी गाडी तिथल्या तिथे बंद केली आणि भिलाईपर्यंत ढकलत आणली. सेक्टर सहाच्या आमच्या क्वार्टरसमोर पोचले तेव्हा शर्ट अंगाला चिकटला होता आणि भुवयांवर लाल धूळ बसली होती. मी पाण्याचा तांब्या पुढे केला. त्यांनी आधी गाडी स्टँडवर लावली, टाकीवर हात ठेवून क्षणभर उभे राहिले, आणि मग पाणी प्यायले.

मला तेव्हा त्या गाडीचा मनापासून राग होता. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. मी हिंगणघाटकडची. माहेरी बैलगाडी आणि वडिलांची सायकल, याच्या पलीकडचं वाहन घरात कधी पाहिलं नव्हतं. इथे आले तर क्वार्टरमध्ये धड कपाट नाही, बसायला लोखंडी खुर्ची एकच, आणि ओसरीवर मात्र विलायती मोटारसायकल. दोन सिलिंडरची, लढाईच्या आधी कधीतरी बनलेली. कोण्या गोऱ्या साहेबाने आणली होती, मग ती एका ठेकेदाराकडे गेली, मग नागपूरला कोणाकडे, आणि फिरत फिरत आमच्या ओसरीवर आली. हे पोलाद कारखान्याच्या, म्हणजे प्लांटच्या, टाइम ऑफिसात क्लार्क होते. त्यांच्या बरोबरीचे सगळे सायकलवर ड्यूटीला जायचे. आपला नवरा शौकीन आहे, अशी मी मनाशी खूणगाठ बांधली होती.

घरात आम्ही तिघं. तिसऱ्या म्हणजे यांच्या थोरल्या बहीण. हे त्यांना ताई म्हणायचे, म्हणून मीही ताईच म्हणू लागले. लहान वयात विधवा झालेल्या, मग नागपूरला नर्सिंग शिकलेल्या, आणि आता टाउनशिपच्या दवाखान्यात सुईणीच्या कामाला. प्लांट अजून उभा राहत होता. हथखोजच्या बाजूला मजुरांच्या झोपड्यांची रांगच्या रांग होती. तिथल्या बायका बाळंतपणाला दवाखान्यापर्यंत यायला घाबरायच्या. म्हणून ड्यूटी संपली की ताईच तिकडे जायच्या. घरात गाडी आहेच, तर हे त्यांना मागे बसवून सोडून येतात, असं मी समजत होते.

ताईंचा मला धाक होता. पांढरं पातळ, घट्ट अंबाडा, मोजकं बोलणं. मी भांडी घासून पालथी घातली की त्या एखाद्या पातेल्याच्या कडेवरून बोट फिरवायच्या. चिकटपणा लागला की पातेलं उचलून परत घासायच्या ढिगात ठेवायच्या, एवढंच. त्या ड्यूटीवर गेल्या की मला घर मोठं वाटायचं.

पुढच्या सुट्टीच्या दिवशी सकाळीच यांचे मामा आले. मामा रेल्वेच्या लोको शेडात फिटर होते. सायकलच्या हँडलला हत्यारांची कॅनव्हासची पिशवी अडकवूनच ते फिरायचे. गप्पा मारायला आलेला हा माणूस तुमच्या घरचा गळका नळ बघून, तो दुरुस्त करून मगच चहा पिणार. त्यांनी ठोक्याचं वर्णन ऐकलं, यांनी इंजिन लगेच बंद केलं हेही ऐकलं, आणि म्हणाले, "चांगलं केलं बाप्पा. अजून जराक चालवली असती तं पिस्टनचा रॉड बाहेर आला असता."

दोघांनी मिळून मागच्या अंगणात, पेरूच्या सावलीत, इंजिन खोललं. मी स्वयंपाकघराच्या दारातून पाहत होते. एकेक भाग सुटत गेला, पोत्यावर ओळीने मांडला गेला, आणि शेवटी मामांनी आतून एक जड, वेडावाकडा लोखंडी दांडा बाहेर काढला. मधोमध चाकासारखी तबकडी. त्यांनी तो पोरगं उचलावं तसा दोन्ही हातांनी धरून पोत्यावर ठेवला.

"हा क्रँक," ते मला म्हणाले. मी दारातच उभी आहे हे त्यांना ठाऊक होतं. "ये, जवळ येऊन पाय. याच्या पोटातून तेल जाते. आतमधी एक नळी आहे. क्रँक गरगर फिरते, मंग तेलातली घाण बाहेरच्या अंगाला फेकल्या जाते आन् त्या नळीत जमते. बनवणाऱ्यानं मुद्दामच ठेवली तशी. घाणीनं तिथं थांबावं आन् साफ तेल पुढं जावं."

"मग बिघडलं काय?" मी विचारलं.

"नळी कोणी साफच केली नाई. इतक्या मालकांपैकी एकानंही नाई. ते भरून गेली, तेलाचा रस्ता बंद झाला."

नळीच्या तोंडाशी लोखंडी बूच होतं, सपाट खाच असलेलं. ते आपोआप सुटू नये म्हणून बनवणाऱ्याने कडेला ठोकून पक्कं केलं होतं. वीसेक वर्षांत ते अंगात भिनून गेलेलं. यांनी पेचकस लावून जोर केला तर पेचकसाचं टोकच वाकलं. हे घामाघूम होऊन मागे सरकले. "मामा, हे नाई निघत. विकून टाकतो भंगारात," असं म्हणाले, आणि त्यांचा आवाज इतका पडलेला होता की मला नवल वाटलं. शौकाच्या वस्तूसाठी माणूस असा आवाज काढत नाही.

मामांनी पिशवीतून जुनी कानस काढली, तिचं टोक घासघासून बुचाच्या खाचेत चपखल बसेल असं केलं. ठोकलेली जागा हातड्रिलने हळूच कोरून काढली. मग बत्तीची ज्योत बुचाभोवती फिरवत राहिले, घाई न करता. शेवटी कानशीला पाना लावून दोघांनी जोर दिला. करकर असा आवाज झाला आणि बूच हललं. हे लहान मुलासारखे हसले. वाकवलेल्या तारेने मामांनी आतली नळी ओढून काढली, आणि आम्ही तिघंही पाहत राहिलो.

नळी आतून पार बुजलेली होती. काळं, घट्ट, मेणासारखं. मामांनी नखाने खरवडलं तर त्यात बारीक कण चमकले. "हे पाय, बेअरिंगचा चुरा. आन् ही माती. नागपूरचीबी असंन, भिलाईचीबी." क्रँकच्या पोटातही तोच गाळ कडेकडेने चिकटून बसला होता. त्याच्यातून दोन बारीक भोकं रॉडच्या जागांकडे जात होती, ती तर दिसतही नव्हती.

तोवर दुपार झाली. मामांना शेडात ड्यूटीवर जायचं होतं. गॅस्केट आणि नवी बेअरिंगं शोधायला हे रायपूरची बस धरणार होते. मामांनी जाताना बजावलं, "एक कण आत राहिला तं सारी मेहनत वाया जाईन. भोकात तार जोरानं घालू नका, ओरखडा पडते. निवांत करा. मी परवा येतो बसवायले."

"मी रातच्याले करतो," हे म्हणाले.

ताई तेव्हाच ड्यूटीवरून आल्या होत्या. पायऱ्यांवर चपला काढता काढता त्यांनी सगळं ऐकलं. "कावून रातच्याले?" त्या म्हणाल्या. "उजेडात दिसते तेच रातच्याले दिसत नाई. तू जा रायपूरले. मी करते."

यांनी ताईंकडे पाहिलं आणि पिशवी उचलली. मामा-भाचे निघून गेले.

ताई जेवल्या. जुनं लुगडं नेसून आल्या. मग त्यांनी न्हाणीतली कपड्याच्या साबणाची वडी घेतली आणि दोन्ही हातांची नखं तिच्यात रुतवून ओरबाडली, नखांच्या पोटात साबण गच्च भरेपर्यंत. मनगटापर्यंत खोबरेल चोळलं. मी बघतच राहिले.

"इकडे ये. तूबी कर."

"कशाले ताई?"

"नखात साबण भरलेला असला तं काळं आत शिरत नाई. कोणाचं बोलावणं केव्हा येईन, सांगता येते का? काळ्या नखानं मी बाळंतिणीले हात लावू?"

मी वडी घेतली. लग्न झाल्यापासून ताईंनी मला एखाद्या कामासाठी शेजारी बसायला सांगितलं, ते पहिल्यांदाच.

क्रँक पाटावर आडवा ठेवला. ताईंनी आपली सामग्री आणली: दवाखान्यातून बाद झालेली काचेची सिरिंज, उकळून उकळून विरलेल्या पट्ट्यांचं गाठोडं, विणायची सुई, आणि फुटक्या मडक्याच्या बुडात ओतलेलं रॉकेल. आधी त्यांनी सगळा गाळ रॉकेलमध्ये भिजू दिला. मी घाईने खरवडायला गेले तर माझा हात धरला. "थांब. त्याले मऊ होऊ दे. मऊ झालं की आपसूक सुटते."

मग बांबूच्या कामटीने त्या कडेकडेने गाळ सोडवू लागल्या. लोखंडाला लोखंड लावलं नाही. मी पट्टी सुईला गुंडाळून द्यायची, त्या ती आत घालून फिरवायच्या, काढायच्या, बाजूला टाकायच्या. पुन्हा नवी पट्टी. काळ्या चिंध्यांचा ढीग वाढत गेला. मधूनच सिरिंजने रॉकेलची पिचकारी एका भोकात मारून दुसऱ्या बाजूने काही येतं का, ते डोळा बारीक करून बघायच्या. काही येत नव्हतं. त्यांना कंटाळा नव्हता आणि त्रागाही नव्हता. इतकं नीट, इतकं शांत काम मी कोणाला करताना पाहिलं नव्हतं. उष्ण वारा सुटला होता, पेरूची पानं अंगणात फिरत होती, आणि ताई त्यात बसून असं काम करत होत्या जणू त्यांना दुसरीकडे कुठे जायचंच नाही.

मला राहवलं नाही. म्हटलं, "ताई, या गाडीपायी किती तरास. यांची हौस, आन् तुमचे हात काळे."

ताईंचा हात थांबला. "हौस?" त्या म्हणाल्या. "तुले त्यानं काही सांगितलं नाई?"

"काय?"

त्यांनी सुई खाली ठेवली. "तू यायच्या आधीचा पावसाळा होता. झोपड्यांतून एक जण बोलवायले आला. सायकल चिखलात चालेना. मी पायीच निघाली. काळी माती, एक पाय काढला की दुसरा रुतते. पोचली तवा पोर झालं होतं, रडून राहिलं होतं. माय गेली होती. रगत थांबलं नाई. मी जरा आधी पोचती तं थांबवता आलं असतं, ते मले माहीत होतं." त्या पट्टीची घडी करत होत्या, परत उलगडत होत्या. "घरी येऊन मी जेवली नाई. तो काही बोलला नाई. मंग थोड्या दिसांनं ही गाडी घेऊन उभा. म्हणे, ताई, मले मोटारसायकलचा लय शौक आहे. त्याले तवा चालवताबी येत नव्हती. दोनदा खड्ड्यात पडला."

मी क्रँककडे पाहत राहिले. ओसरीवरच्या त्या गाडीकडे मी इतके महिने ज्या नजरेने पाहिलं होतं ती नजर मला जागच्या जागी बदलताना जाणवली.

"तुमी त्यांना काही म्हटलं नाई?"

"काय म्हणू? तो म्हणते शौक आहे, तं शौक आहे." ताई हसल्या. त्यांना हसताना मी क्वचितच पाहिलं होतं. "आमच्या सासरी मले मागच्या खोलीत बसवून ठेवलं होतं, तवाबी हाच आला होता न्यायले. मिसरूडबी फुटलं नव्हतं. सासऱ्यापुढं उभा राहून म्हणे, आईची तब्येत ठीक नाई, ताईले नेतो. आई ठणठणीत होती."

आम्ही दोघीही हसलो. तेवढ्यात फाटक वाजलं.

एक म्हातारा मजूर सायकल घेऊन उभा होता, धापा टाकत; सुनेला कळा लागल्याचं छत्तीसगढीत सांगत होता. "दाई, चल ना. मोर बहू ला दरद उठे हे."

"आवत हंव," येतेच, असं ताई त्याच्या बोलीत म्हणाल्या आणि उठल्याच. न्हाणीत जाऊन त्यांनी हात आधी रॉकेलने, मग साबणाने, मग ब्रशने घासले. मी तांब्याने पाणी घालत होते. नखांतला साबण विरघळून निघाला आणि खालची नखं पांढरी स्वच्छ दिसली. त्यांनी एकेक बोट उजेडाकडे धरून तपासलं. पांढरं पातळ नेसल्या, पत्र्याची पेटी घेतली. मग मला वाटलं, त्या क्रँक पोत्याने झाकून ठेव म्हणतील.

"राहिलेलं तू कर," त्या म्हणाल्या.

"मी? एकटी?"

"पाहिलं न् तू. घाई करू नको, बस." आणि त्या सायकलच्या मागच्या कॅरिअरवर एका अंगाला बसल्या, पेटी मांडीवर घेऊन, जणू सरकारी मोटारीत बसल्या आहेत अशा ताठ. म्हाताऱ्याने पायडल मारलं आणि दोघं वळणाआड गेले.

मी अंगणात परत आले. पाटाशी बसले. त्यांनी सोडली होती तिथूनच पट्टी गुंडाळायला घेतली. मोठ्या पोकळीतला गाळ निघाला होता, पण ती दोन भोकं बंदच होती. मी सिरिंजने रॉकेल भरायची, थांबायची, पुन्हा भरायची. पट्टीतला एक धागा काढून, मेण लावून, पीळ देऊन भोकात सारायची. ऊन पेरूवरून भिंतीवर गेलं. पाठ धरली. शेजारची तेलुगू बाई कुंपणावरून डोकावून गेली, तिने नवलाने गालाला हात लावला आणि हसली. मीही हसले, पण उठले नाही. मला ते काम सोडवत नव्हतं. आपल्या नवऱ्याने न बोलता जे काही केलं होतं, त्यातला एक वाटा आता माझ्या हाताखाली होता.

आणि मग एकदा मी सिरिंज दाबली, तर दुसऱ्या बाजूने आधी काळा थेंब आला, मग काळी बारीक धार, आणि मग धार पिवळट होत गेली. मी मोठ्याने ओरडले. ऐकायला अंगणात कोणी नव्हतं. दुसरं भोक त्यानंतर लवकर मोकळं झालं. मग सगळं परत धुतलं, तीन-चार वेळा नव्या रॉकेलने, आणि क्रँक कोरड्या फडक्यात गुंडाळून ठेवला.

दिवेलागणीला ताई परत आल्या. पातळाच्या काठाला चिखल होता. "मुलगी झाली," त्या म्हणाल्या. "दोघी बऱ्या आहेत." आंघोळ केली, चहा घेतला, आणि मग म्हणाल्या, "दाखव."

मी क्रँक उलगडला. ताईंनी पेटीतून पांढरी स्वच्छ पट्टी काढली, सुईला गुंडाळली, पोकळीत घालून फिरवली आणि बाहेर काढून दिव्याखाली धरली. पातेल्यांच्या वेळी पाहायची तशी मी त्यांच्या बोटांकडे पाहत होते. पट्टी पांढरीच होती. त्यांनी दुसरं टोकही तपासलं. मग पट्टी माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, "माझ्याच्यानं असं झालं नसतं, वहिनी. मी ते धाग्याचं केलंच नसतं."

एवढंच बोलल्या, पण मला ते महिनाभर पुरलं. हे रायपूरहून आले तेव्हा ताईंनी त्यांना दारातच सांगितलं, "क्रँक तुह्या बायकोनं साफ केला." ते माझ्याकडे बघत राहिले. मी भाकरी थापत होते. हात न थांबवता म्हटलं, "हात धुऊन घ्या, वाढते." गाडी कोणासाठी घेतली ते मला कळलंय, हे मी त्यांना त्या दिवशीही बोलले नाही आणि नंतरही. ताई म्हणाल्या तसं, ते शौक म्हणत होते तर तो शौकच.

मामा ठरल्याप्रमाणे आले. दोन दिवस मामा-भाचे अंगणात बसून इंजिन जुळवत होते. नवं बूच मामांनी शेडातल्या लेथवर करून आणलं होतं. शेवटी तेल भरलं आणि यांनी किक मारली. पहिल्यांदा नुसता खोकला. दुसऱ्यांदा धूर. मग इंजिन सुरू झालं, आणि मामांनी पेचकसाचं टोक इंजिनाला अन् मूठ कानाला लावून डोळे मिटले. आम्ही तिघं त्यांच्या तोंडाकडे पाहत होतो. "आयक," ते म्हणाले, "कशी घड्याळासारखी चालून राहिली पाय." त्यांनी पेचकस माझ्या कानाला लावला. आतून नुसती एकसारखी घरघर येत होती, ठोका कुठेच नव्हता.

त्यानंतर ती गाडी बरीच वर्षं चालली. तेल बदलायचं काम आपोआप माझ्याकडे आलं. तेल गाळून त्यात काय चमकतंय ते बघायची मला सवय लागली. ताई हथखोजच्या बाजूला किती घरांत जाऊन आल्या त्याची मोजदाद कोणी ठेवली नाही. झोपड्या पुढे उठल्या, तिथे छोटे कारखाने आले, दवाखान्याची गाडी बोलावली की यायला लागली. ताईंनाही मागे बसणं जड जाऊ लागलं, आणि आम्ही गाडी विकायचं ठरवलं.

घ्यायला हथखोजचा एक वर्कशॉपवाला आला, तरुण, हौशी. त्याने किक मारून आवाज ऐकला आणि खूश झाला. मग तेल कधी बदललं, इंजिन कधी खोललं, असं यांना विचारू लागला. हे ओसरीवर खुर्चीत बसले होते. त्यांनी माझ्याकडे बोट केलं.

"उनसे पूछो," ते म्हणाले. "इंजिन का काम घर में वो देखती है।"

तरुणाला वाटलं, थट्टा आहे. त्याने हसून मान हलवली आणि पुन्हा यांनाच विचारलं, क्रँक कभी साफ हुआ है क्या. मी पदराला हात पुसले, पायरी उतरून गाडीपाशी गेले आणि त्याला खाली वाकायला सांगितलं. बूच कोणत्या अंगाला आहे, नळी कशी ओढायची आणि भोकात तार का घालायची नाही, हे त्याला सांगू लागले. सुरुवातीला तो नुसता ऐकत होता. मग त्याने खिशातून पेन्सिल काढली आणि म्हणाला, "भाभीजी, जरा धीरे बोलिए।"